नव्वद रुपयांचा फरक आणि दुसरा मॉनिटर

अकाउंट्सच्या नोकरीत मला पहिला ओरडा बसला तो नव्वद रुपयांवरून. कर सल्लागाराच्या ऑफिसात नवीनच लागलो होतो. काम होतं जीएसटीआर-२बी, म्हणजे विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणारी यादी, आणि पार्टीचं, म्हणजे ग्राहकाचं, खरेदी रजिस्टर एकमेकांशी ताडून पाहायचं. २बी येते १४ तारखेला आणि दरमहा भरणाऱ्यांची ३बी, म्हणजे कर भरायचं विवरणपत्र, जायला हवी २० पर्यंत. मधल्या दिवसांत डबा उघडायलाही सवड नसते. एका फाईलमधला आकडा बघायचा, आल्ट-टॅब मारायचं, दुसरीत शोधायचा. त्या उडीत १८,५४० चे १८,४५० झाले. सर म्हणाले, "फरकाला नऊने भाग जातोय ना? मग आकडे उलटे पडलेत. शोध."

शोधता शोधता कळलं, की आकडा डोक्यात धरून उडी मारणं हाच घोळ आहे. दोन्ही कागद एकदम समोर हवेत.

त्यासाठी लगेच मॉनिटर मागू नका, मीही मागितला नाही. विंडोज की धरून डावा बाण दाबला की फाईल डाव्या अर्ध्यात बसते आणि उजवीकडे काय ठेवायचं ते विचारलं जातं. एक्सेल २०१० किंवा त्याआधीचं असेल तर मात्र दोन्ही फायली एकाच खिडकीत अडकतात. २०१३ पासून प्रत्येकीची खिडकी वेगळी. एकाच फाईलमधल्या दोन शीट शेजारी हव्या असतील तर व्ह्यूमध्ये न्यू विंडो आहे. तिथलंच सिंक्रोनस स्क्रोलिंग दोन्हीकडे ओळींचा क्रम सारखा असेल तरच चालू ठेवा. नाहीतर इकडचं बिल सापडेपर्यंत तिकडचं पळालेलं असतं.

माझा लॅपटॉप १३६६ बाय ७६८ चा. त्याचं अर्धं म्हणजे ६८३ पिक्सेल. त्यात पंधरा अक्षरी जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख आणि करांचे तीन रकाने कुठले मावणार? नको ते रकाने लपवून दोन महिने ढकलले, मग माळ्यावरचा जुना मॉनिटर खाली काढला. त्याला केबल लावायला फक्त जुनं व्हीजीए सॉकेट, लॅपटॉपला फक्त एचडीएमआय. दुकानात जाताना सिग्नल कुठून कुठे जाणार आहे ते नीट सांगा. मी उलटा कन्व्हर्टर आणला आणि तो परत करायला पुन्हा हेलपाटा घातला.

जोडल्यावर दोन्हीकडे तेच चित्र दिसलं तर घाबरू नका, विंडोज की आणि पी दाबून एक्स्टेंड निवडा. माऊस भलत्याच बाजूने बाहेर पडत असेल तर डिस्प्ले सेटिंगमधले १ आणि २ चे चौकोन टेबलावरच्या मांडणीप्रमाणे ओढून ठेवा. केबल काढल्यावर एखादी खिडकी गायबच झाली तर टास्कबारवर तिच्यावर क्लिक करा आणि विंडोज की व डावा बाण दाबून परत ओढा.

मॉनिटर कुठे ठेवायचा, यात मी चुकलो. दोन्ही स्क्रीनमधली फट बरोबर नाकासमोर ठेवली होती. दिवसभर मान इकडे नाहीतर तिकडे. आता हिशोबाचं सॉफ्टवेअर टॅली समोर आणि २बी डावीकडे, जरा तिरकी. व्हॉट्सॲप मात्र कुठल्याच स्क्रीनवर नाही. ती सोय केली की दुसरा मॉनिटर त्याचाच होतो.

सर अजूनही दोन्हींच्या प्रिंट काढतात, टेबलावर शेजारी ठेवतात आणि फूटपट्टी सरकवत लाल पेनाने टिका मारतात. गेल्या महिन्यात माझ्या दोन स्क्रीनमधून निसटलेलं एक बिल त्यांच्या पट्टीखाली सापडलं.