ट्रेलरच्या मॉडेलवर रंग उडालेला दाखवताना

१:२४ स्केलच्या लो-बेड ट्रेलरवर (अवजड यंत्रं वाहून नेणारा, बुटक्या डेकचा ट्रेलर) उडालेला रंग दाखवायचा तर ब्रशने तपकिरी ठिपके देत बसू नका. ते ठिपकेच दिसतात. आधी डेकला गंजाचा रंग द्या, शक्यतो लॅकरचा, म्हणजे पुढे पाण्याने तो निघणार नाही. वाळल्यावर साधा हेअरस्प्रे आणि त्यावर ॲक्रिलिकचा पातळ थर. तो हाताला सुका लागला की कोमट पाण्याने जागा ओली करून आखूड, कडक केसांच्या ब्रशने हलके घासा. हेअरस्प्रे विरघळतो, वरचा रंग कपच्यांनी सुटतो. वर इनॅमल, म्हणजे तेलावर आधारलेला रंग, मारलात तर पाणी आत शिरणारच नाही.

घासायचं कुठे, यातच खरं कसब आहे. एक्स्कॅव्हेटर चढतो ते रॅम्प, साखळ्या अडकवायच्या कड्या, डेकच्या कडा. ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकच्या कॅबिनला फारसा हात लावू नका. धंद्यावरची गाडी धुतली-पुसली जाते. फिफ्थ व्हीलवर, म्हणजे ट्रकवर ट्रेलर जोडायच्या चकतीवर, तर गंज नकोच, तिथे ग्रीस असतं: काळा रंग, वर चकचकीत वार्निश, कडेला किंचित ग्रॅफाइट.

धूळ सगळ्यात शेवटी. टायरच्या खाचांत पिगमेंट, म्हणजे रंगाची कोरडी पूड, भरा आणि रस्त्याला घासणारा भाग बोटाने पुसून काढा.