रसायन पीबीटी आहे का, हे कसे ठरवावे

पीबीटी म्हणजे निसर्गात चिवटपणे टिकणारे, सजीवांच्या अंगात साठणारे आणि विषारी. हे तीन वेगळे प्रश्न आहेत. एकात काठावर पास आणि दुसऱ्यात चांगले गुण, अशी सरासरी इथे चालत नाही. तिन्ही निकष लागू झाले तरच पदार्थ पीबीटी. मात्र अतिचिवट आणि अतिसाठणारा असेल, तर विषारीपणा सिद्ध झाला नसला तरी तो तितकाच चिंतेचा. पुढचे आकडे युरोपीय संघाच्या रीच या रसायनविषयक नियमावलीतले, परिशिष्ट १३ मधले आहेत.

आधी नेमके काय तपासायचे ते ठरवा. ०.१ टक्का किंवा त्याहून जास्त असलेले घटक आणि अशुद्धी यांचा विचार करावा लागतो, तसाच विघटनातून तयार होणाऱ्या पदार्थांचाही. डीडीटी मोडून डीडीई बनते आणि तेही चिवटच असते. मूळ रेणू दिसेनासा झाला, एवढ्याने काम संपत नाही.

सुरुवात चिवटपणापासून करा, कारण पुढच्या चाचण्यांचा खर्च आणि माशांचे जीव यातच वाचतात. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या प्रमाणित चाचण्यांना क्रमांक असतात. त्यांतल्या ३०१ मालिकेतली सुलभ जैवविघटन चाचणी, म्हणजे जंतू पदार्थ सहज मोडतात का हे पाहणारी, २८ दिवसांची असते. ऑक्सिजनचा वापर किंवा कार्बन डायऑक्साइडची निर्मिती ६० टक्क्यांवर गेली, किंवा विरघळलेला सेंद्रिय कार्बन ७० टक्क्यांनी घटला, की पदार्थ चिवट नाही असे धरता येते. नापास झाला म्हणून मात्र तो चिवट ठरत नाही. चाचणीच कडक आहे. शिवाय वापरलेल्या तीव्रतेला जंतूच मरत असतील तर विघटन होणार कसे? म्हणून सहज मोडणारा संदर्भ-पदार्थ सोबत घातलेल्या बाटलीचा निकाल आधी पाहा. याउलट चिकट, कमी विरघळणारा पदार्थ चाचणीतल्या जंतूंच्या गाळाला चिकटतो आणि कार्बन घटल्यासारखा दिसतो. अशा पदार्थासाठी ऑक्सिजन किंवा कार्बन डायऑक्साइडचेच मोजमाप घ्या.

पुढची पायरी कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनने खूण केलेल्या पदार्थाची: पाण्यासाठी ओईसीडी ३०९, गाळासाठी ३०८, मातीसाठी ३०७. अर्धायु, म्हणजे पदार्थ मोडून निम्मा व्हायला लागणारा काळ, गोड्या पाण्यात ४० दिवसांहून, समुद्राच्या पाण्यात ६० हून, गोड्या पाण्याच्या गाळात किंवा मातीत १२० हून, समुद्री गाळात १८० हून जास्त असेल, तर पदार्थ चिवट. एका ठिकाणी मर्यादा ओलांडली तरी पुरे.

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पहिली तापमानाची: निष्कर्ष १२ अंश सेल्सिअसला काढायचा असतो. २० अंशांवरचा आकडा साधारण २.१२ ने गुणावा लागतो. म्हणजे गोड्या पाण्यातली २२ दिवसांची निरुपद्रवी वाटणारी अर्धायु ४७ दिवसांवर जाते आणि निकाल उलटतो. दुसरी चूक, नाहीसे होणे आणि मोडणे यांत फरक न करणे. ३०८ मध्ये पदार्थ पाण्यातून झपाट्याने जातो खरा, पण तो खालच्या गाळात बसलेला असतो. काढता न येणारा अवशेषही, उलट पुरावा नसेल तर, न मोडलेलाच समजा. उडून गेलेला भाग वेगळा मोजा.

साठण्यासाठी पहिली चाळणी ऑक्टॅनॉल (चरबीच्या जागी वापरला जाणारा तेलकट द्रव) आणि पाणी यांच्यातल्या विभागणीची. दोन्हींतल्या तीव्रतांच्या गुणोत्तराचा लॉग (लॉगरिदम) ४.५ किंवा कमी असेल तर पाण्यातल्या जीवांत साठण्याची शक्यता सहसा कमी. पण हे गणित चरबीत साठणाऱ्या पदार्थांचे आहे. पीएफओएस हे फ्लोरिनयुक्त रसायन प्रथिनांना चिकटते, तिथे ते लागूच पडत नाही. लॉग ४ च्या वर साधी हलवलेली बाटलीही भरवशाची नाही, कारण ऑक्टॅनॉलचे बारीक थेंब पाण्यात तरंगतात. तिथे संथ ढवळण्याची पद्धत, ओईसीडी १२३, घ्या.

खरा निकाल माशांच्या चाचणीचा, ओईसीडी ३०५. जैवसंचय गुणांक, म्हणजे माशातली तीव्रता पाण्यातल्या तीव्रतेच्या किती पट, २००० हून जास्त म्हणजे साठणारा, ५००० हून जास्त म्हणजे अतिसाठणारा. आकडा ५ टक्के चरबीवर आणा: ३ टक्के चरबीच्या माशात १८०० मिळाले, तर हिशेब ३००० चा होतो. मासे वाढत असतील तर वजन वाढल्यानेच शरीरातली तीव्रता घटते. तीही दुरुस्ती करा.

विषारीपणासाठी दीर्घकालीन चाचणीतली परिणाम न दिसणारी तीव्रता लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा कमी हवी. किंवा पदार्थ कर्करोगकारक वा जनुकीय बदल घडवणारा (वर्ग १अ, १ब), प्रजननाला घातक (१अ, १ब, २), अथवा वारंवार संपर्काने अवयवांना इजा करणारा (वर्ग १, २) असावा. अल्पकालीन चाचणीत लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या खाली परिणाम दिसला तर तो संशय पुरेसा समजून दीर्घकालीन चाचणी करा. परिणाम न दिसल्याचा मात्र भरवसा धरू नका: फार कमी विरघळणारा पदार्थ चार दिवसांत माशाच्या अंगात पुरेसा पोहोचतच नाही. अहवालातली तीव्रता टाकलेली आहे की मोजलेली, हेही बघा. काचेला चिकटून निम्मा पदार्थ गेला असेल, तर टाकलेल्या आकड्यावरून तो दुप्पट निरुपद्रवी दिसतो.