इंग्रजीत 'च' नाही, म्हणून नाटक

माझ्या पहिल्याच वर्षी स्नेहसंमेलनात आठवीच्या मुलांनी इंग्रजी नाटुकलं केलं. सावकार झालेला पोरगा पुढे आला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "अँग्रिली गेट आउट!" कंसातली सूचनासुद्धा त्यानं संवाद म्हणून पाठ केली होती. सभागृह हसलं, तोही हसला, मला मात्र दरदरून घाम फुटला. चूक माझीच. महिनाभर मी पाठांतर घेतलं, पण हा माणूस कुणाला आणि कशासाठी ओरडतोय हे एकदाही विचारलं नव्हतं.

नागपूरच्या महालातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत, 58 पोरांच्या वर्गात आणि 35 मिनिटांच्या तासात नाटकातून इंग्रजी शिकवताना मला जे जमलं ते इथे सांगते.

पहिला आठवडाभर संहिता काढूच नका. फळ्यावर एकच वाक्य लिहा: आय डिडन्ट टेक युअर पेन. मग आधी मराठीत भांडण लावा. "मी नाही घेतला" म्हणजे दुसऱ्या कुणीतरी घेतला. "तुझा नाही घेतला" म्हणजे शेजारणीचा घेतला. "पेन नाही घेतला" म्हणजे रबर घेतलं असणार. मराठीत आपण शब्द मागेपुढे करतो, नाहीतर 'च' आणि 'तर' जोडून मोकळे होतो. इंग्रजीत शब्द जागचे हलत नाहीत आणि 'च'ही नाही. ज्या शब्दावर आवाज चढला, तिथे 'च' पडला. पोरांना लाल पेनानं त्या शब्दाच्या डोक्यावर 'च' लिहायला सांगा. एकानं वाक्य म्हणायचं, बाकीच्यांनी खरा चोर ओळखायचा. दहा मिनिटांत वर्ग डोक्यावर घेतात, म्हणून शेजारच्या वर्गातल्या सरांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

दुसरा खेळ 'सिट डाउन'चा. आजीला, भावाला, मुख्याध्यापकांना, कुत्र्याला, सगळ्यांना हेच दोन शब्द. आपल्याकडे 'बस', 'बसा', 'बसावं' असं क्रियापदच मान देतं. इंग्रजीत तो मान आवाजातून, मानेतून, हातातून द्यावा लागतो. एक मुलगी आजीला म्हणताना नकळत ओढणी सावरून थोडी वाकली. मी तिला तिथेच थांबवलं आणि सगळ्यांना म्हटलं, "आता ही काय म्हणाली?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "बसा ना, आजी." तिथे 'प्लीज' शिकवायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

आता 'राहिला'बद्दल. पुस्तकात 'तो संत्रं सोलतो आहे' असतं, आमच्या पोरांच्या तोंडी 'तो संत्रं सोलून राहिला'. या 'राहिला'ला बाहेरचे लोक हसतात. मला तो फुकटात मिळालेला मदतनीस वाटतो. चालू वर्तमानकाळ शिकवायचा तर एकाला मूकाभिनयानं संत्रं सोलू द्या आणि दुसऱ्याला क्रिकेटची कॉमेंट्री करू द्या: ही इज पीलिंग ॲन ऑरेंज, ही इज स्पिटिंग द सीड्स. बिया थुंकण्याचं काम सगळ्यांनाच हवं असतं, तेव्हा पाळ्या लावा.

संहिता मुलांनीच लिहायची. प्रसंग ओळखीचा द्या: सीताबर्डीला ऑटोवाल्याशी घासाघीस, नाहीतर तर्री-पोह्यांच्या गाडीवर सुट्ट्या पैशांचं भांडण. आधी आपल्या बोलीत पूर्ण भांडू द्या, मग इंग्रजीत आणा. एका वाक्यात सातहून जास्त शब्द नकोत. तर्रीचं इंग्रजी करत बसू नका. 'मोअर तर्री, प्लीज' पुरतं. आणि कागदाच्या मध्ये उभी रेघ मारा. डावीकडे संवाद, उजवीकडे 'काहून?'चं, म्हणजे 'का?'चं उत्तर. 'गेट आउट', काहून? कर्जाचा कागद समोरच्या कर्जदार बाईच्या हाती लागू नये म्हणून. ही उजवी बाजू मराठीतच लिहू द्या. कंसातली सूचना मी तेव्हापासून बंदच केली.

58 जणांना भूमिका कुठून आणायच्या? सात-सातचे गट करा, उरलेले कोरसमध्ये. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे वाईट ते घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक, निघते, आणि "घेऊन जा गे मारबत" हा पुकारा पोरांना शिकवावा लागत नाही. त्या आठवड्यात प्रत्येकानं आपल्या तक्रारीचा कागदी बडग्या, म्हणजे तसाच छोटा पुतळा, करायचा आणि एक वाक्य ओरडायचं: अवर बस कम्स लेट. वर्ग उत्तर देतो: टेक इट अवे, मारबत! कधीच तोंड न उघडणारं पोरगंही इथे ओरडतं, कारण त्याचा एकट्याचा आवाज ऐकू येत नाही. दोन-तीन फेऱ्यांनी ते स्वतःचं वाक्यही म्हणतं.

बाकं हलवायच्या फंदात पडू नका. फळा आणि पहिल्या बाकामधली जागा आणि मधली वाट एवढं पुरे. आवाज पोहोचतो का हे पाहायला मी व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभी राहते. चालू प्रवेशात चुका काढू नका. कुणी 'इस्कूल' म्हणालं तर म्हणू द्या. 'आय गो येस्टरडे' म्हणालं तर वहीत टिपा आणि शेवटी तीनच चुका फळ्यावर घ्या, नाव न घेता. पालकांनी विचारलं, "हे नाटक कशाला?" तर सांगा की दहावीला इंग्रजीच्या 100 पैकी 20 गुण लेखी परीक्षेबाहेरचे असतात, ऐकण्या-बोलण्याचे. बहुतेक जण तिथेच थांबतात.

विंगेत प्रॉम्प्टर ठेवू नका. ठेवला की पोरं समोरच्याचं ऐकायचं सोडून विंगेकडे कान लावतात. वाक्य विसरलं तर भूमिकेत राहून काहीही बोलायची मुभा द्या, पण इंग्रजीत. मागच्या संमेलनात पोहेवाली झालेली मुलगी ऐन वेळी विसरली. तिनं झारा उचलला, कढईत फिरवला आणि म्हणाली, "वेट! आय ॲम मेकिंग पोहे." समोरचा गिऱ्हाईक झालेला पोरगा क्षणभर बावरला, मग हाताची घडी घालून म्हणाला, "ओके. आय ॲम वेटिंग." दोन्ही वाक्यं कागदावर नव्हती.