आईबाबा लांब राहतात, त्यांच्या तब्येतीकडे लक्ष कसं ठेवायचं

फोनवर "तब्येत कशी आहे?" विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "बरी आहे, तू काळजी करू नकोस." त्यांना तुमच्या जिवाला घोर लावायचा नसतो, म्हणून हा प्रश्न विचारणंच सोडून द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी नेमकं काहीतरी विचारा, रात्री किती वेळा उठावं लागलं, आज बाहेर पाय मोकळे करायला गेलात का, जिना चढताना दम लागला का, सकाळच्या गोळ्या घेऊन झाल्या का. व्हिडिओ कॉल असेल तर "बाबा, जरा आतून चष्मा घेऊन या ना" म्हणा आणि ते खुर्चीतून कसे उठतात, भिंतीला धरून चालतात का ते बघा, त्यातून खूप कळतं.

खरं काम औषधांपासून सुरू करा, सगळ्यात जास्त घोळ तिथेच असतो. एखाद्या निवांत दिवशी घरातली सगळी औषधं पलंगावर ओतायला सांगा, सगळी म्हणजे सगळी, ड्रॉवरमधली, उशाशी ठेवलेली, पर्समधली, डोळ्यांचे ड्रॉप्स, झोपेची गोळी, कुणीतरी सुचवलेली पावडरसुद्धा. मग एकेक स्ट्रिप कॅमेऱ्यासमोर धरायला सांगायची आणि मोठ्या अक्षरातलं ब्रँडचं नाव सोडून त्याखाली बारीक अक्षरात जे औषधाचं मूळ नाव असतं ते लिहून घ्यायचं. इथे हमखास सापडतं ते म्हणजे दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या कंपन्यांची एकच गोळी लिहून दिलेली असते आणि आई दोन्ही अगदी वेळेवर घेत असते. पॅरासिटामॉल तर तापाच्या, सर्दीच्या, अंगदुखीच्या कितीतरी गोळ्यांत असतं, मोठ्या माणसाला 24 तासांत सगळं मिळून 4 ग्रॅमच्या वर जायचं नाही, आणि वजन कमी असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर मर्यादा त्याहून खाली. गुडघे दुखतात म्हणून स्वतःच आणलेली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी गोळी बीपीच्या काही गोळ्यांबरोबर किडनीला महागात पडू शकते, सोबत लघवी वाढवणारी गोळी असेल तर जास्तच. पण फोनवरून परस्पर "ही बंद कर" म्हणून सांगू नका, यादी डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनाच विचारा यातलं काय कमी करता येईल.

ही यादी एका कागदावर पाहिजे, औषधाचं मूळ नाव, किती एमजी, कधी, कशासाठी, कोणी दिलं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती सगळ्यात वर ठळक अक्षरात, खाली ॲलर्जी आणि झालेली ऑपरेशन्स. एक प्रत फ्रिजच्या दारावर, एक त्यांच्या पाकिटात, एक तुमच्या फोनमध्ये, आणि काही बदललं की तारीख टाकून तिन्हीकडे बदलायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे माणूस. कुठलंही ॲप, घड्याळ, सेन्सर त्यांच्या दारापर्यंत चालत जाऊ शकत नाही, त्यामुळे पाच-दहा मिनिटांत पोचेल असं जवळचं कोणीतरी ठरवा, एक जादा किल्ली त्यांच्याकडे द्या आणि स्पष्ट विचारा की रात्री दोन वाजता फोन केला तर चालेल ना. घरात कॅमेरा लावायचा असेल तर आईबाबांना विचारूनच, आणि बेडरूममध्ये तर नकोच, आजारी असलं तरी घर त्यांचं आहे. भावंडं असतील तर डॉक्टरांशी बोलणारा एकच ठेवा, नाहीतर चौघं चार फोन करतात आणि चौघांना वेगवेगळं ऐकू येतं. त्या एकाला माहिती द्यायला आईबाबांची हरकत नाही हे त्यांनी स्वतः डॉक्टरांना सांगून ठेवलेलं बरं.

घरी बीपी मोजत असतील तर आधी 5 मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीला, अर्धा तास आधी चहा-कॉफी नाही, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे वहीत लिहायचे. उठल्यावर चक्कर येते म्हणत असतील तर बसून आणि उभं राहिल्यावर असं दोन्ही मोजा, उभं राहिल्यावर 3 मिनिटांत वरचा आकडा 20 किंवा जास्त खाली आला तर डॉक्टरांना कळवा, पडण्याचं ते एक मोठं कारण असतं.

आता जिथे वाट बघायची नाही ते. तोंड एका बाजूला वाकडं, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी अचानक झालं तरी लगेच ॲम्ब्युलन्स, आणि शेवटचं नीट कधी होते ती वेळ लिहून ठेवा, कारण हा स्ट्रोक म्हणजे मेंदूचा झटका असू शकतो आणि मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्या वेळेपासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. कालपर्यंत छान बोलणारी आई आज अचानक असंबद्ध बोलायला लागली, दिवस की रात्र कळेना, तर "वय झालं" म्हणून सोडू नका, लघवीचं इन्फेक्शन, न्यूमोनिया, सोडियम कमी होणं, नवीन गोळी असं काहीही असू शकतं आणि म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असं नाही, त्याच दिवशी दाखवा. डायबेटिस असेल आणि घाम, थरथर, गोंधळ दिसला तर शुगर बघा, 70 च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर 15 ग्रॅम साखर पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी परत बघा. हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखेलच असं नाही, नुसता दम आणि घामही असू शकतो. रक्त पातळ करायची गोळी घेणारं माणूस डोक्यावर पडलं तर दिसायला ठीक असलं तरी हॉस्पिटल.

तुम्ही दुसऱ्या शहरातून इमर्जन्सी नंबर लावला तर फोन बहुतेक तुमच्याच भागात जातो, म्हणून त्यांच्या भागातल्या ॲम्ब्युलन्सचा आणि हॉस्पिटलचा थेट नंबर, घराचा पूर्ण पत्ता, मजला, खूण हे सगळं फोनमध्ये आजच सेव्ह करा.

आणि ॲडमिट व्हावं लागलंच तर घरी सोडतात त्या दिवशी फोनवर हजर राहा. डिस्चार्ज पेपरचा फोटो मागवा, जुन्या यादीशेजारी ठेवा आणि नर्सला किंवा डॉक्टरांना तीनच गोष्टी विचारा, नवीन काय सुरू झालं, जुनं काय बंद झालं, डोस कशाचा बदलला. बंद झालेल्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स जवळच्या माणसाला सांगून त्याच दिवशी घरातून हलवा, कारण दोन दिवसांनी आई सवयीने परत त्याच डब्यात हात घालणार.