पाम रीसेट होतानाच कोसळतोय? वॉर्म रीसेट करून बघा

जुना पाम ऑर्गनायझर (पत्ते-नोंदी ठेवायचा खिशातला छोटा संगणक) ‘फेटल एरर’ दाखवून अडकला, की पाठीमागच्या बारीक छिद्रात यू पिनचं सरळ केलेलं टोक दाबून सॉफ्ट रीसेट (माहिती न पुसता पुन्हा सुरू) करायचा, हे बहुतेकांना ठाऊक असतं. (टाचणी नको, फार अणकुचीदार.) पण सुरू होताहोताच तो पुन्हा कोसळत असेल तर? वरचं स्क्रोल बटण दाबून धरा आणि तसंच धरून रीसेट करा. हा वॉर्म रीसेट. यात बाहेरून टाकलेल्या प्रोग्रामना सुरुवातीची सूचनाच जात नाही, म्हणून यंत्र बहुधा मुकाट उघडतं. तेवढ्यात शेवटी टाकलेला प्रोग्राम मेनूतल्या ‘डिलीट’मधून काढा आणि साधा सॉफ्ट रीसेट द्या. माझा पहिला संशय नेहमी ‘हॅक’ मंडळींवर, म्हणजे पामच्या मूळ वागण्यात बदल करणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर. दोन हॅक एकाच गोष्टीत हात घालतात आणि भांडत बसतात.

पॉवर बटण धरून केलेला हार्ड रीसेट मात्र अगदी शेवटी. त्यात पत्ते, नोंदी, सगळं पुसलं जातं. आधीचं हॉटसिंक (संगणकाशी माहितीची जुळवणी) झालेलं असेल तर ते सगळं परत येतं, तरी संगणकावरच्या बॅकअप फोल्डरमधून बिघडलेल्या प्रोग्रामची फाइल बाजूला काढा, नाहीतर पुढच्या हॉटसिंकला तोच पाहुणा परत हजर.