कौल उलटून पाहा: गोव्यातल्या जुन्या घरांच्या संशोधनात येणाऱ्यांसाठी

मी फोंड्याची. राजांगणाच्या, म्हणजे मधोमध चौक असलेल्या, घरात वाढले, त्यामुळे जुनी घरं आपल्याला कळतात असा माझा समज होता. आल्तिनोच्या आर्किटेक्चर कॉलेजात पाच वर्षं काढून गोव्यातली जुनी वास्तुकला आणि शहरांची ओळख या विषयावर पीएचडीला नोंदणी केली, तेव्हाही तो समज तसाच होता. तो मोडला एका कौलाने.

मे महिना होता. बार्देशातल्या एका घराची कौलं परतायला काढली होती आणि मी अंगणात टेप घेऊन मापं घेत होते. उतरवलेलं एक कौल सहज उलटं केलं. पाठीवर ठसा होता: बासेल मिशन, 1865. मी आनंदाने वहीत लिहिलं, ‘छप्पर 1865’. कौलं रचून ठेवणारे म्हातारे गृहस्थ बघत होते. म्हणाले, “बाये, हें साल कारखान्याचें. घराचें न्हय.”

त्यांचं खरं होतं. मंगळुरात बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने 1865 साली कौलांचा कारखाना काढला आणि ते साल पुढे वर्षानुवर्षं ठशात राहिलं. आल्बुकर्क कंपनीच्या कौलांवर 1868 असतं, तेही तसंच. पहिल्या महायुद्धानंतर मिशनचा धंदा कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेला, म्हणून त्या नावाचं कौल सापडलं तर ते निदान त्यानंतरचं, एवढं खात्रीने म्हणता येतं. त्याहून पुढे जायचं नाही. शिवाय मंगळुरी कौलं यायच्या आधी त्याच भिंतींवर हाताने घडवलेले नळे, म्हणजे अर्धगोल कौलं, असू शकतात. म्हणजे छप्पर एका पिढीचं, भिंती दुसऱ्या पिढीच्या. आणि दर्शनी भाग? तो तर पैसा हातात आला की सगळ्यात आधी बदलतो. त्या घराचं बाल्कांव, म्हणजे दारापुढचा बसायचा ओटा, चिऱ्याच्या सुबक खांबांचं होतं, पण मागच्या स्वयंपाकघराची भिंत मातीची आणि पुढच्यापेक्षा वीतभर जाड. दोन्ही भिंती जिथे भेटतात त्या दाराच्या चौकटीत हात घालून मी तो फरक मोजला. घराचं वय मला त्या वीतभर मातीत दिसलं, बाल्कांवात नाही.

म्हणून नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एवढंच सांगते की ‘पोर्तुगीज घर’ हा शब्द काही दिवस बाजूला ठेवा. चिरा इथल्या खाणीतला, चुना शिंपल्यांचा, खिडकीच्या चौकटीत काचेऐवजी बसवलेले पातळ अर्धपारदर्शक शिंपले इथल्याच पाण्यातले, सुतार आणि गवंडी इथले. लिस्बनकडे तोंड केलेल्या दर्शनी भागामागे कितीतरी ठिकाणी चौक तसाच राहिला. देवळांचंही तेच. मंगेशी बघताना ‘घुमट कुठून आला’ एवढंच विचारलंत तर 1560 साली कुशस्थळीहून प्रियोळला आलेल्या देवाची आणि त्याच्या मागोमाग वस्ती हलवणाऱ्या माणसांची गोष्ट तुमच्या हातून निसटेल. मला हे मनापासून खटकतं, कारण शैलीचं नाव लावलं की घर बांधणारे हात दिसेनासे होतात.

शहर वाचायला पणजीपासून सुरुवात करा, आणि पायी करा. व्हाइसरॉयचा मुक्काम 1759 मध्ये इथल्या आदिलशहाच्या वाड्यात आला, पण पणजी अधिकृत राजधानी झाली 1843 मध्ये. मधल्या काळात, 1827 ते 1835, मानुएल दी पोर्तुगाल ई कास्त्रो या गव्हर्नराने दलदल भरून रस्ते आखले. पणजीच्या मुख्य चर्चच्या जिन्याखाली उभं राहून घंटा ऐका. ती जुन्या गोव्यातल्या, म्हणजे आधीच्या राजधानीतल्या, ऑगस्टिनियन मठाची, 1871 मध्ये इथे टांगलेली. फोंताइन्हास या पणजीतल्या जुन्या वस्तीतल्या सान सेबास्तियन कपेलातला, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरातला, क्रूस इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातून आला. तिथून चालत महालक्ष्मीच्या देवळात या, जे 1818 च्या सुमाराचं आहे. जुनी राजधानी ओस पडली, पण तिचे तुकडे या शहरात फिरत राहिले. शहराची ओळख म्हणतात ती मला या तुकड्यांच्या प्रवासात सापडते. आज फोंताइन्हासच्या रंगीत भिंतींपुढे फोटोसाठी रांग लागते आणि आत राहणाऱ्यांना दार उघडणं मुश्कील होतं. हाही संशोधनाचाच विषय आहे, टाळू नका.

कागदपत्रांबद्दल. पणजीच्या पुराभिलेखागाराची सुरुवात 1595 ची, दियोगो दो कूतो हा पहिला रखवालदार. पोर्तुगीज वाचता यायलाच हवं, त्याला पळवाट नाही. मला कामापुरती यायला दोन वर्षं लागली. पण मराठी माणसाने मोडी शिकावी, हे मी आग्रहाने सांगेन. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी याच अभिलेखागारात बसून मराठे आणि पोर्तुगीज यांच्या संबंधांवर जे काम केलं, ते दोन्ही बाजूंचे कागद वाचता येत होते म्हणून. पर्वरीच्या झेवियर सेंटर या इतिहास संशोधन संस्थेने मिळवलेल्या म्हामाय कामत घराण्याच्या व्यापारी दप्तरात पोर्तुगीजच्या शेजारी मोडीही आहे. अभ्यासक त्या पानांपाशी अडतात. तुम्ही अडू नका.

घरात शिरणं हे सगळ्यात अवघड. 1867 च्या पोर्तुगीज नागरी कायद्यातून आलेला वारसाहक्क इथे अजून चालतो. मुलं-मुली सगळे वाटेकरी, त्यांतले कोणी मुंबईला, कोणी लंडनला. एका दुरुस्तीसाठी बारा सह्या लागल्या की कुलूप तसंच राहतं. अशा घरात मापाचा टेप घेऊन गेलात तर लोकांना वाटतं, बिल्डरने पाठवलंय. पहिल्या भेटीत वही काढू नका. सोप्यावर बसा, चहा घ्या, कोणाचं लग्न कुठल्या खोलीत झालं ते ऐका. एकदा एका संस्थेसाठी केलेला माझा आराखडा न विचारता तिसऱ्याच माणसाच्या हाती गेला आणि त्या घराचं दार मला कायमचं बंद झालं. आता घरमालकाला प्रत दिल्याशिवाय मी कुठेही काही देत नाही. आणि भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, वाड्यावरच थांबू नका. मुंडकाराची, म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याची, मातीची खोली त्याच भाटात असते, तिचं मापही वहीत आलं पाहिजे. 1975 चा मुंडकार कायदा वाचल्याशिवाय गावातल्या घरांचा नकाशा समजणार नाही.

पोटापाण्याचं म्हणाल तर शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही. मी शिकवण्याचे तास घेतले, जतनाच्या कामांची रेखाटनं केली. इतिहासाकडून येणाऱ्यांनी मोजणी आणि रेखाटन शिकावं, आर्किटेक्चरकडून येणाऱ्यांनी एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्कांची नोंद, वाचायला शिकावं.

मे महिना चुकवू नका. छपरं तेव्हाच उघडी असतात, वासे आणि रिपा दिसतात, आणि कौलं परतणारी माणसं वर असतात. विचारून चढा, बॅटरी घ्या, आणि कौल उलटं केलंत की ठसा लिहून ठेवा, साल मात्र त्यांनाच विचारा.