कवळी नीट बसली आहे का? घरच्या घरी तपासण्याची रीत

खान्देशच्या जेवणात दातांना भरपूर काम असतं. कळण्याची भाकर, ठेचा, शेवभाजीतली शेव, भरितातले शेंगदाणे. दात गेले की माणसाला पहिल्यांदा ताटच आठवतं. मग डॉक्टरांकडे फेऱ्या होतात, पैसे जातात, कवळी येते आणि बऱ्याच घरांत महिन्याभरात डबीत जाऊन पडते. "आजोबा, कवळी कशी आहे?" विचारलं की उत्तर येतं, "बरी शे." जेवताना मात्र ती काढून ठेवलेली असते.

"सवय होईल" हा सल्ला या बाबतीत फार नुकसान करतो. काही त्रास खरंच सवयीने जातात. पण टोचणारी, डुलणारी, पडणारी कवळी कितीही सहन केली तरी आपोआप बसत नाही. ती डॉक्टरांनी घासून, आतून भरून किंवा नवी करूनच बसवावी लागते. कोणता त्रास सवयीचा आणि कोणता मापाचा, हे घरी बऱ्यापैकी ओळखता येतं. त्यासाठी आरसा, थोडा कापूस, कागदाची पट्टी आणि शेजारी बसणारं घरचं एक माणूस एवढं पुरतं.

कवळी टिकते कशावर?

वरची आणि खालची कवळी एकाच मापाने तोलू नका. वरची कवळी पूर्ण टाळू झाकते. टाळू आणि कवळी यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर असतो आणि कडा गालाच्या-ओठाच्या आतल्या मऊ भागाला लागून हवा आत शिरू देत नाहीत. ओल्या ओट्यावर ठेवलेली थाळी उचलताना जशी चिकटून येते, तशी ती वर धरली जाते. खालच्या कवळीला हा आधार नाही. मध्ये जीभ असल्यामुळे ती घोड्याच्या नालेसारख्या आकाराचीच करावी लागते, टेकायला जागा कमी मिळते आणि जीभ दिवसभर हलत असते. म्हणून उत्तम केलेली खालची कवळीसुद्धा वरच्या इतकी घट्ट कधीच वाटत नाही.

दुसरं कारण हाडाचं. दात काढल्यावर तिथलं हाड झिजायला लागतं. पहिल्या सहा महिने ते वर्षभरात ते सगळ्यात वेगाने झिजतं, पुढे हळूहळू, पण थांबत नाही. खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा साधारण चौपट होते. कवळी आहे तशीच राहते, तिच्याखालचा जबडा बदलतो. आठ वर्षांपूर्वी चपखल बसलेली कवळी आज ढिली झाली तर त्यात घालणाऱ्याचा दोष नाही आणि बहुधा करणाऱ्याचाही नाही.

पायरी १ : तोंडात घालण्याआधी

कवळी धुऊन उजेडात धरा. हिरड्यांकडच्या, म्हणजे आतल्या बाजूवर कापसाचा बोळा हलक्या हाताने फिरवा. कुठे कापसाचे धागे अडकले तर तिथे ऍक्रेलिकचा, म्हणजे कवळीच्या कडक प्लास्टिकचा, बारीक टोकदार कण आहे. बोटाला तो कळत नाही, हिरडीला मात्र दिवसभर कळतो. ती जागा लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. कानस, ब्लेड, चाकू यांनी स्वतः घासू नका. एक कण जाईल, पण सोबत कडाही जाईल आणि कडा गेली की वरच्या कवळीची पकड गेली.

पायरी २ : वरची कवळी

ती ओली करून बसवा आणि पाचेक मिनिटं राहू द्या. मग तोंड चांगलं उघडा. नुसतं तोंड उघडल्यावर ती खाली येत असेल तर माप चुकलं आहे किंवा जबडा बदलला आहे. पडली नाही तर पुढच्या दातांना धरून हलकेच खाली ओढा, थोडा विरोध जाणवला पाहिजे. आता पुढच्या दातांच्या मागे बोट लावून दात बाहेरच्या बाजूला ढकला. मागची कड टाळूपासून सुटली तर तिथून हवा आत जाते आहे.

मग दोन्ही बाजूंच्या दाढांवर एकेक बोट ठेवून आळीपाळीने दाबा. एक बाजू दाबली की दुसरी उचलली जाते का, ते पाहा. अशी डुलणारी कवळी तोंडात राहिली तरी जेवताना त्रास देते आणि बऱ्याचदा काही महिन्यांनी टाळूच्या मधोमध तडकते.

मागची कड कुठे संपते हेही बघून घ्या. आरशासमोर "आ" म्हटलं की टाळूचा मागचा मऊ भाग हलतो. कड साधारण त्या हलणाऱ्या भागाच्या सुरुवातीपर्यंत असावी. फार मागे गेली तर सतत ओकारीचे उमासे येतात, आखूड राहिली तर पकड राहत नाही. पहिले दोन-चार दिवस थोडे उमासे चालतात. पंधरा दिवसांनीही तेच असेल तर दाखवा.

पायरी ३ : खालची कवळी

तोंड अर्धवट उघडा, जीभ सैल सोडा, जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांना मागून लागू द्या. या स्थितीत कवळी जागेवर राहिली पाहिजे. बरेच जण नव्या कवळीला घाबरून जीभ मागे ओढून धरतात आणि त्यामुळेच ती उचलली जाते. जीभ पुढे ठेवायची सवय लागली की निम्मी तक्रार कमी होते. जीभ जागेवर असूनही कवळी तरंगत असेल, तर मात्र कडा लांब आहेत किंवा हाड फार झिजलं आहे. हाड फार कमी उरलं असेल तर खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचे धातूचे छोटे स्क्रू, बसवून त्यावर कवळी अडकवता येते. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या तज्ज्ञांच्या परिषदेने दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी याच उपायाला पहिली पसंती दिली. खर्च जास्त आहे, पण ज्यांची खालची कवळी काही केल्या टिकत नाही त्यांनी निदान चौकशी करावी.

पायरी ४ : वरचे-खालचे दात जुळतात का?

हळूहळू तोंड मिटा आणि दात पहिल्यांदा जिथे टेकतात तिथे थांबा. आता घट्ट मिटा. या दोन क्षणांच्या मध्ये कवळी सरकली, घसरली किंवा एका बाजूने उचलली गेली तर चावा जुळलेला नाही. डाव्या-उजव्या दाढांमध्ये कागदाची पट्टी धरून दोन्ही बाजूंना ओढून बघा. दोन्हीकडे सारखी पकड हवी.

उंची बघायला "म्म्म" म्हणा, ओठ सैल सोडा आणि जबडा न हलवता ओठ विलगून शेजारच्या माणसाला बघायला सांगा. आरामात असताना वरच्या-खालच्या दातांमध्ये २ ते ४ मिलिमीटर फट असते. फट नसेल तर कवळी उंच झाली आहे : ओठ मिटायला जोर लागतो, गाल दुखतात, बोलताना दात टकटक वाजतात. फट फार मोठी असेल तर हनुवटी नाकाकडे सरकते, ओठांच्या कोपऱ्यांना घड्या पडतात, तिथे लाळ साचते आणि कोपरे फाटून चिघळतात. जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊनही ओठांचे कोपरे बरे होत नसतील तर कवळीची उंची तपासून घ्या.

पायरी ५ : बोलून बघा

याला आपल्या गावांची नावं फार उपयोगी आहेत. सावकाश, मोठ्याने म्हणा : सावदा, साक्री, शिरपूर, शहादा, चाळीसगाव, भुसावळ. "स" म्हणताना वरचे-खालचे पुढचे दात जवळ येतात, पण एकमेकांवर आपटत नाहीत. आपटले तर पुन्हा उंचीचाच प्रश्न. शीळ घातल्यासारखा आवाज आला तर दातांची मांडणी किंवा टाळूकडची जाडी बघावी लागते. मग फैजपूर, फागणे, वरणगाव म्हणा. "फ" आणि "व" म्हणताना वरच्या पुढच्या दातांची धार खालच्या ओठाला हलकी लागावी. ओठात रुतत असेल तर दात लांब आहेत. याच्या जोडीला साठपासून सत्तरपर्यंत आकडे मोजा. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट असे ओळीने म्हणताना जीभ कुठे अडखळते ते लगेच समजतं.

नवी कवळी घातल्यावर पहिला आठवडा-दीड आठवडा बोबडं बोललं जातं, ते सवयीचंच आहे. रोज सकाळी पेपरातली एक बातमी मोठ्याने वाचली की लवकर सुधारतं.

पायरी ६ : जेवणाची परीक्षा

पहिल्या दिवशी भाकर चावायला घेऊ नका. रावेर-यावलची केळी घरात असतातच, तिथून सुरुवात करा. मग खिचडी, वरणभात, मग भाजीच्या रश्श्यात कुस्करलेली भाकर. घास लहान घ्या आणि तोंडात दोन्ही बाजूंना थोडा थोडा ठेवून चावा. एका बाजूने चावलं की दुसरी बाजू उचलणारच, ती कवळीची खोड नाही, चावण्याची आहे. पुढच्या दातांनी पेरू, कणीस, काकडी तोडू नका, फोडी करून दाढांखाली घ्या. नैसर्गिक दातांचा जोर कवळीला कधीच येत नाही, हे आधी माहीत असलं की निराशा होत नाही.

वांग्याचं भरीत मऊ म्हणून घरचे लगेच वाढतात. पण त्यातल्या बारीक बिया खालच्या कवळीच्या कडेखाली शिरतात, आणि एक बी हिरडी आणि ऍक्रेलिकच्या मध्ये सापडली की पुढचा घास चावताना माणूस कळवळतो. कवळी नीट बसलेली असेल तर एखाद-दुसरी बी जाते, चूळ भरली की निघते. दर घासाला बिया आत शिरत असतील तर कवळी हिरडीपासून सुटते आहे, हे भरितानेच सांगितलं असं समजा. तोपर्यंत भरताचं वांगं कमी बियांचं निवडा आणि शेंगदाणे अख्खे न घालता कूट घाला.

सवयीचं काय आणि दाखवायचं काय

तोंडात लाळ जास्त सुटणं, काहीतरी मोठं भरल्यासारखं वाटणं, गालाचा चावा बसणं, चव थोडी फिकी लागणं हे दोन-चार आठवड्यांत निवळतं. कवळी घातल्यानंतर दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा आठवड्याने तपासणी ठरलेलीच असते, कारण एखादी जागा टोचणं अपेक्षित असतं. आपल्याकडे नेमक्या याच फेऱ्या बुडतात. धडगाव-अक्कलकुव्याकडून नंदुरबारला यायचं तर एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी जाते. म्हणून पैसे ठरवतानाच विचारा : नंतरच्या तपासण्या यातच धरल्या आहेत का, किती फेऱ्या लागतील? "एका दिवसात कवळी" या जाहिरातीला भुलू नका. माप, जबड्याचं दुसरं माप, चाव्याची नोंद, मेणावर दात लावून बघणं आणि मग कवळी, अशा चार-पाच फेऱ्या कारणासाठी असतात. त्यातली मेणाची फेरी सर्वांत महत्त्वाची आहे. दात अजून मेणातच असल्यामुळे रंग, उंची, मांडणी सहज बदलता येते. त्या दिवशी मुलाला-सुनेला सोबत न्या आणि दात असतानाचा जुना फोटोही न्या.

एक गोष्ट अजिबात टाळू नका. कवळी काढून ठेवूनही दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं हे लगेच दाखवायचं. तंबाखू, गुटखा किंवा मिसरीची सवय असेल तर आणखी लवकर. "कवळी लागली असेल" म्हणून अशा जखमेकडे दुर्लक्ष करणं धोक्याचं आहे, कारण तोंडाचा कर्करोग सुरुवातीला फारसा दुखत नाही.

चिकटवायची पावडर किंवा क्रीम चांगल्या कवळीला थोडी मदत करते. पण ती दिवसेंदिवस जास्त लागायला लागली तर माप गेलं आहे. अशा वेळी तीच कवळी आतून भरून पुन्हा मापात आणता येते, याला रिलाइनिंग म्हणतात, आणि नव्या कवळीपेक्षा खर्च कमी येतो. त्रास नसला तरी वर्षातून एकदा दाखवावं. साधारण ५ ते १० वर्षांत कवळी बदलायची वेळ येते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे गेला आणि पाणी पिणं कमी पडलं की लाळ आटते, तेव्हाही वरची कवळी ढिली वाटते. रक्तदाबाच्या काही औषधांनीही तोंड कोरडं पडतं. माप बदलण्याआधी पाणी पिऊन बघा.

रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवा, म्हणजे हिरड्यांना विसावा मिळतो आणि बुरशी धरत नाही. मधुमेह असेल तर हे चुकवूच नका. उकळतं पाणी वापरलं की ती वाकडी होते. मऊ ब्रश आणि साबण पुरे, टूथपेस्टने चरे पडतात. धुताना खाली पाण्याने भरलेलं घमेलं ठेवा. तुटली तर फेव्हिक्विकने जोडू नका, तुकडे घेऊन डॉक्टरांकडे जा.

पैशांची अडचण असेल तर धुळ्यात दंत महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करा. केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून सुरू आहे. कमी उत्पन्नाच्या ६० वर्षांवरील नागरिकांना तिच्यातून काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्यासोबत कवळीही मोफत मिळते. तालुक्याला शिबिर लागलं की नाव नोंदवा, पण कवळी हातात आल्यावर वरच्या सगळ्या पायऱ्या करून बघा.

आणि तक्रार घेऊन डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवसापासून कवळी तोंडात ठेवा, दुखली तरी. आठवडाभर डबीत ठेवून गेलात तर हिरडी बरी झालेली असते, लाल खूण दिसत नाही आणि नेमकं कुठे घासायचं ते डॉक्टरांना सापडत नाही. कापूस अडकलेली जागा, कोणत्या घासाला दुखलं, कोणत्या अक्षराला अडलं, हे कागदावर लिहून सोबत न्या.